पाठमोरा फौजी

१

चोरानं फ्रेम नेली नाही. आतला फोटो तेवढा काढला, मागचा पुठ्ठा दाबून बसवला आणि रिकामी काच पुन्हा फळीवर उभी करून ठेवली. माझी पोलिसातली सगळी नोकरी भिवंडीत गेली. सहायक फौजदार म्हणून रिटायर झाले, चोर नाना तऱ्हेचे बघितले. पण आजारी माणसाच्या घरात असली सफाई दाखवणारा बघितला की माझं डोकं फिरतं. आणि हे घर माझ्या सख्ख्या काकाचं होतं.

राघोकाका फौजेत ड्रायव्हर होता. सत्त्याऐंशी साली आपली फौज श्रीलंकेत गेली, तिच्यात तो गेला. पण त्याच्या डिस्चार्ज बुकात, म्हणजे फौजेतून सुटताना मिळालेल्या नोंदवहीत, तसं लिहिलेलंच नाही. बुक म्हणतं, ती दोन वर्षं राघो इथंच, भारतातल्या डेपोत होता. लंकेची नोंद आहे ती आमच्याच गावच्या केसरीनाथ शेठच्या नावावर. काका पस्तीस वर्षं एकच सांगतोय. दोघं एकाच पलटणीत होते. निघायच्या आदल्या दिवशी केसरीनाथला कावीळ झाली, तो इस्पितळात गेला, आणि सुभेदारानं त्याच्या जागी राघोला गाडीवर चढवलं. कागद बदलायचा राहिला. तो सुभेदार लंकेत पोचल्या पोचल्या सुरुंगात गेला. झालं, ज्यानं बदली केली तोच संपला.

केसरीनाथनं परत आल्यावर गावभर सांगितलं, "लंका मी बघितली. राघो डेपोत बसलावता, तिथं त्यानं बाई ठेवलीवती." काकाची पत्रं यायची, पण फौजेच्या पत्रावर गावाचं नाव नसतं, नुसता आकडा असतो. मंदाकाकी तेव्हा नवी नवरी. तिनं ते ऐकलं आणि मनात धरून ठेवलं. नंतर संसार केला, पोरगा वाढवला, आता नवऱ्याला डायलिसिसला घेऊन जाते. पण लंकेचा शब्द निघाला की उठून बाहेर जाते. काकाला मेडल नको, मिरवणूक नको. मरायच्या आधी बुकात दुरुस्ती करून घ्यायची आणि ते पान मंदाकाकीपुढं धरायचं, एवढंच त्याला हवं आहे.

मागच्या महिन्यात साताऱ्याकडून एक पाकीट आलं. काकाचा एक साथीदार वारला होता, त्याच्या मुलाला वडिलांच्या पेटीत फोटो सापडला. मागे त्रिंकोमलीच्या एका स्टुडिओचा शिक्का आणि साल. पुढं विहार, बुद्धाची मोठी मूर्ती, आणि तिच्यापुढं गुडघे टेकून, कपाळ जमिनीला लावून नमस्कार करणारा एक अनवाणी फौजी. तोंड नाहीच. दिसते ती पाठ आणि मागं वळलेले दोन तळवे.

"तिकडं बुद्धाकडं पाठ करून फोटो काढू देत न्हाय," काका म्हणाला होता. "मी हसत कॅमेऱ्याकडं वळलो, तर भंतेजी केवढ्यांदा ओरडले! मग नमस्कार करतानाच काढला."

मंदाकाकीनं पोस्टकार्डाएवढा तो फोटो लांबूनच बघितला. "पाठ काय, कुणाचीबी असतेय," म्हणाली आणि भाकऱ्या थापायला बसली.

तरी काकाच्या दुरुस्तीच्या अर्जावर सैनिक कार्यालयानं मूळ फोटो घेऊन सोमवारी बोलावलं होतं. आणि गुरुवारी तो गेला.

मी पोचले तेव्हा काका खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडला होता. मी फ्रेम बघायला फळीवर हात टाकला, तशी काकी खेकसली, "आधी मेणबत्ती लाव! सकाळीच नवी ठेवलीय. बुद्धाच्या फळीला असा हात घालतेस, लहान हायेस का आता?"

साठीला आलेली मी, पण मुकाट्यानं अर्धी उरलेली मेणबत्ती पेटवली, हात जोडले आणि मग फ्रेम काढली.

फ्रेमवर काही नव्हतं. ओरखडासुद्धा नाही.

"धम्मा," काका भिंतीकडं बघतच बोलला, "आता ऱ्हाऊ दे. मी खोटाच बरा."

मी त्याला सांगितलं, सोमवारच्या आत फोटो आणते, नाहीतर नावाची धम्मदिना नाही.

२

समोर निशा शिलाई मशीन घेऊन दारातच बसलेली असते. वस्तीत मांजर आलं तरी तिला कळतं. काका-काकी ठाण्याला डायलिसिसला गेले तेव्हा दाराला नुसती कडी होती, कारण आमच्याकडं दिवसा कुलूप लावायची पद्धत नाही. निशानं आत जाताना तिघं बघितले. केसरीनाथ शेठचा मुलगा भाविक, काकाचा पोरगा विकी, आणि फोटो स्टुडिओवाला भूपेश, याच क्रमानं.

शुक्रवारी भाविकला मी त्याच्या ऑफिसात गाठला. पूर्णे गावाच्या बाजूला त्यांची शेती होती, तिथं आता गोडाऊनं उभी आहेत, आणि भाविक एसीत बसून भाडं गोळा करतो.

"पत्रिका द्यायला गेलतो, आत्या," तो म्हणाला. "रविवारी बाबांचा सत्कार हाय. गावच्या कमानीला बाबांचं नाव देतायत. राघोकाकांना पण बोलवायला नको? खाटेवर पत्रिका ठेवली आणि निघालो."

"ज्याची लंका चोरली त्यालाच पत्रिका?"

त्याचा चेहरा उतरला. "तुमचं ते जुनं भांडण मला नका सांगू. मी लहानपणापासून बाबांच्या तोंडून लंका ऐकत आलोय."

खोटं बोलतोय असं वाटलं नाही, आणि त्याचाच मला राग आला. खोटारडा असता तर सोपं होतं.

भूपेशचं दुकान नाक्यावर. फोटोची मोठी कॉपी काढून द्यायला मीच त्याला घरी जायला सांगितलं होतं. तो माझ्यावरच उखडला. "मॅडम, मला चोर समजता काय? दार ढकललं, आत मेणबत्ती जळत होती. म्हटलं काकी मागं असतील. दोन-तीन हाका मारल्या, कोणी आलं नाही. फ्रेममध्ये बघितलं तर फोटोच नाही. म्हटलं तुम्हीच घेऊन गेलात. मेणबत्ती विझवली आणि निघालो. माझं पेट्रोल फुकट गेलं ते वेगळंच."

"मग मला फोन करायला हात मोडले होते?"

"लग्नाची ऑर्डर होती हो, विसरलो!"

विकी काल्हेरला गोडाऊनमध्ये ड्युटीवर होता. ट्रक लागला होता, बॉक्स उतरत होते, त्या गोंधळातच तो बोलला. "मी डबा विसरलेलो, तो घ्यायला गेलो. डबा उचलला आणि निघालो. फोटोकडं बघितलं पण न्हाय."

"बापाचा फोटो गेला, तुला काहीच वाटत नाही?"

"काय वाटायचं, ताई?" त्यानं हातातला स्कॅनर ट्रॉलीवर आपटला. "जन्मल्यापासून लंका, लंका. शाळेत पोरं मला डेपो म्हणायची. आई स्वतः मानत न्हाय, मग मी कशाला मानू?"

मी गेटबाहेर आले, रिक्षात बसले आणि रिक्षावाल्याला उगाचच झापलं. मग काल्हेरच्या पुलाशी येऊन त्यानंच गाडी हळू केली आणि बोट दाखवलं.

"मॅडम, वो देखो. आपके गाँव का बैनर."

मी वर बघितलं आणि रिक्षातून जवळजवळ उडीच मारली.

३

दहा फुटी फ्लेक्स. वर सोनेरी अक्षरात 'श्रीलंका रणभूमीचे वीर, आमचे मार्गदर्शक'. एका बाजूला केसरीनाथ शेठचा गॉगल लावलेला फोटो, भोवती शुभेच्छुकांची मुंडकी. आणि मधोमध, सगळ्यात मोठा, माझ्या काकाचा पाठमोरा फोटो. खाली लिहिलं होतं, 'त्रिंकोमलीच्या बुद्धविहारात नतमस्तक होताना'.

चोरी तर केलीच, वर चोरलेला माल चौकात टांगला! तिथून मी तडक शेठच्या बंगल्यावर गेले.

केसरीनाथ झोपाळ्यावर होता. त्याची बायको जानकीबाई सुपारी कातरत होती. मला बघून तिनं पाणी दिलं, माणूस म्हणून बाई चांगली आहे.

"फोटो कुठून आणला, शेठ?"

"माझा हाय. कपाटात होता," तो म्हणाला, पण झोपाळा थांबला. "भाविकला गावला, त्यानं न इचारता छापला."

"सकाळी गावला तो मला," भाविक आतून आला. "बाबांच्या खणात. इतकी वर्षं दाखवला का नाही, म्हणून मी पण भांडलो. लगेच फ्लेक्सवाल्याला दिला."

मी शेठकडं बघितलं. त्याच्या कपाळावर घाम आला होता. तेव्हा माझ्या डोक्यात एक गोष्ट बसली. या माणसाला तो फोटो छापायचाच नव्हता. पोरानं हौसेनं छापला, आणि आता पोरासमोर, बायकोसमोर 'हा मी नव्हे' म्हणायची सोय उरली नव्हती.

"छान फोटो आहे," मी म्हटलं. "पण तोंड का नाही दिसत?"

"आं? फोटोवाल्यानं न सांगता काढला. मी नमस्कार करतावतो, त्याला काय कळतंय. नंतर मी त्याला बोललो, मूर्तीपुढं उभा ऱ्हातो, समोरून काढ. पण त्याचा रोल संपलावता."

"मूर्तीपुढं, समोरून?"

"मग काय, मूर्तीकडं बघत काढतंय का कोणी?"

जानकीबाईनं मान डोलावली. मी हसले आणि उठले. या माणसानं त्या विहारात पाय ठेवलेला नव्हता. तिथं जो गेला होता त्यानं भंतेजींचा ओरडा खाल्ला होता, आणि ते तो जन्मात विसरला नव्हता. पण हे माझं मला पटलं. सोमवारी कार्यालयात टेबलापलीकडचा बाबू म्हणणार, ठीक आहे, पण ही पाठ राघोची कशावरून?

आणि दुसरा प्रश्न त्याहून वाईट होता. शेठच्या खणापर्यंत फोटो कुणी पोचवला?

४

त्या संध्याकाळी काकीनं वंदनेला हाक मारली. तिनं फळीवरची मेणबत्ती बदलली आणि उरलेला तुकडा माझ्या हातात दिला. "काल तू किती वेळ जाळत ठेवलीस गं? नवी कोरी होती."

मी तुकड्याकडं बघत राहिले. काल मी जेमतेम हात जोडून फुंकली होती. आणि मी पेटवली तेव्हाच ती अर्धी होती! सकाळी नवी ठेवली, काका-काकी ठाण्याला गेले, भूपेश आत आला तेव्हा ती जळत होती. म्हणजे भूपेशच्या आधी कुणीतरी लावली. चोरी करायला आलेला माणूस मेणबत्ती कशाला लावेल? उजेड तर भरपूर होता.

भाविकला त्या फळीचा नियम काय माहीत? तो मुलगा खाटेवर पत्रिका ठेवून गेला. हा नियम फक्त त्यालाच पाळावा लागतो, ज्यानं या घरात काकीच्या हातचा मार खाल्ला आहे. आधी मेणबत्ती, मग हात.

विकी शिफ्ट संपवून आला आणि ओट्यावर बूट काढत बसला. मी तुकडा त्याच्यासमोर ठेवला.

"चोरी करताना सुद्धा बुद्धापुढं हात जोडलेस ना रे?"

त्यानं हातातला बूट खाली ठेवला. मग त्याची मान खाली गेली, आणि मी त्याच्या थोबाडीत दिली. तेहतीस वर्षांच्या माणसाला, दारात, सगळ्या वस्तीसमोर. निशाचं मशीन बंद पडलं.

"शेठ बोलले, फक्त बघतो, परत देतो," तो गाल धरून बोलला. "गोडाऊन त्यांचं हाय, ताई. सुपरवायझर त्यांचं ऐकतो. मला ब्रेक देऊन घरी बसवला असता. आणि मला वाटलं… बाबा खोटंच बोलतात तर फोटो तरी कशाला खरा असंल?"

"मेणबत्ती का लावलीस?"

"सवयीनं," तो म्हणाला आणि रडायला लागला.

मागं उंबऱ्यात मंदाकाकी उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. मला वाटलं ती पोराला तरी दोन लगावेल. पण ती आत जाऊन पिठाचा डबा उघडून बसली. मग माझा पारा तिच्यावर चढला.

"काकी, पोरानं चोरी केली ती तुझ्यामुळं! घरात तूच बापाला खोटा ठरवलास, मग तो कशाला खरा मानेल? रविवारी तू माझ्याबरोबर येणार. त्या फ्लेक्सखाली उभी राहून केसरीनाथच्या तोंडावर सांग, माझा नवरा खोटा आहे म्हणून. सांग एकदा आणि मोकळी हो."

"येते," काकी पिठाकडं बघत म्हणाली. "मलाबी त्याचं तोंड बघायचंय."

५

रविवारी कमानीपाशी मांडव पडला होता. ढोल, फेटे, साहेब लोकांच्या गाड्या. स्टेजच्या बाजूला तोच फ्लेक्स लावला होता, पण इथं बांबूला जमिनीलगत बांधलेला, त्यामुळं फौजीचे तळवे माणसाच्या कमरेच्या उंचीवर आले होते. स्टेजवर शेठ खुर्चीत, पाय चांदीच्या परातीत. सून उन्नती तांब्यातून पाणी घालून सासऱ्याची पाद्यपूजा करत होती. जानकीबाई हळदकुंकू घेऊन बाजूला उभी.

विकीनं काकाला रिक्षातून उतरवून खुर्चीत बसवलं. काका फ्लेक्सकडं बघायलाच तयार नव्हता. मी स्टेजकडं निघाले, शेठला चार शब्द सुनावायचे होते. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की काकी शेजारी नाही.

ती फ्लेक्सपाशी उभी होती. गेल्या वर्षी मोतीबिंदू काढला तेव्हापासून तिला लांबचं बरं दिसतं, पण ती अगदी जवळ गेली होती. तिनं डाव्या टाचेवर हात ठेवला. फोटोत ती टाच ताटाएवढी झाली होती. टाचेवर आडवी खाच होती आणि खाचेला एका बाजूनं फाटा फुटलेला.

"हे कुणाचं पाय हायेत?" काकीनं विचारलं. हळूच विचारलं, पण ढोल तेवढ्यात थांबले होते.

"शेठचे!" कुणीतरी ओरडलं.

"न्हाय." काकी वळली. तिचा आवाज चढला. "ही टाच माझ्या घरातली हाय. लहानपणी कोयत्यावर पडलावता तो. थंडी आली की ही खाच उलते, रक्त येतं. पस्तीस वर्षं मी हिच्यात कोकमाचं तेल भरतेय. माझ्या तळहाताला म्हाईत हाय ही टाच! केसरीनाथ, तू माझ्या नवऱ्याची टाच चोरलीस?"

मी स्टेजखालून ओरडले, "उन्नती, परातीतला डावा पाय वर कर. टाच बघ आणि लोकांना सांग."

शेठनं पाय ओढला. पण उन्नतीनं घोटा धरलेला होता. तिनं ओली टाच पदरानं पुसली, खाली वाकून बघितलं आणि सासूकडं मान वर केली.

"आई, काहीच न्हाय इथं."

"नीट बघ," जानकीबाई म्हणाली.

"बघितलं. खूण बिण काय न्हाय."

"जुनी गोष्ट हाय, खूण जाते," शेठ पुटपुटला. "अगं, माझ्या बुकात लिवलंय…"

जानकीबाईनं हळदकुंकवाचं ताट खाली ठेवलं. "लंकेच्या गोष्टी सांगून सांगून माझ्या पोरांना झोपवलंत तुम्ही. मी गावात त्या मंदाला नावं ठेवली, का तर तिचा नवरा फसवा. उठा तिथनं. पाय काढा माझ्या परातीतनं."

भाविकनं मूळ फोटो खिशातून काढून माझ्या हातात दिला. माझ्याकडं बघितलं नाही. बांबूची दोरी त्यानं स्वतःच सोडली.

६

सोमवारी कार्यालयात मला वाटलं तेच झालं. बाबू म्हणाला, "पत्नीची साक्ष इथं ग्राह्य नाही, मॅडम. आणि टाच म्हणजे काय पुरावा आहे का?"

माझा संयम संपला. काकाचं डिस्चार्ज बुक मी त्याच्या टेबलावर आपटलं. त्यानं घाबरून ते उघडलं, उलटसुलट चाळलं आणि एका पानावर थबकला. ओळखीच्या खुणा: डाव्या टाचेवर जुन्या जखमेचा आडवा व्रण, फाटा फुटलेला. भरतीच्या दिवशी फौजेच्याच डॉक्टरनं लिहिलेलं. पस्तीस वर्षं ज्या बुकानं माझ्या काकाला खोटं पाडलं, त्यातच ते बसलं होतं, आणि एकाही शहाण्याला वाटलं नाही की या माणसाला चपला काढायला सांगून बघावं. मी हे त्याला मोठ्यानं सांगितलं. बाहेरच्या बाकावरच्या लोकांनीही ऐकलं.

अर्ज पुढं गेला. केसरीनाथनं लेखी कबुली दिली, जानकीबाईनं त्याला जेवायला वाढायचं बंद केलं होतं म्हणतात. विकीला गोडाऊनमधून ब्रेक मिळाला. तो आता दुसरीकडं लागलाय आणि बापाला डायलिसिसला तोच नेतो. कमान तशीच आहे, नावाची जागा रिकामी.

आणि एक दिवस दुरुस्त पान आलं. सेवा, परदेश, श्रीलंका. मी ते घेऊन धावत घरी गेले. काका खाटेवर होता, डावा पाय काकीच्या मांडीवर. ती वाटीतलं कोकमाचं तेल टाचेत भरत होती.

"काकी, बघ! आलं!"

काकानं पान हातात घेतलं, तिच्यापुढं धरलं. आयुष्यभर त्याला हेच करायचं होतं.

काकीनं पानाकडं बघितलंच नाही. "ठेव तिकडं फळीवर," ती म्हणाली. "धम्मा, आधी मेणबत्ती लाव."

मी मेणबत्ती लावली. मला अजून राग येत होता, त्या एका खोटारड्यावर, त्या बाबूवर, आणि खरं सांगायचं तर काकीवरही. पस्तीस वर्षं गेली होती. ती कोण भरून देणार?

काकीनं तेलाचं बोट खाचेत फिरवलं. मग खाली मान घालूनच तिनं नवऱ्याला विचारलं, जे तिनं कधीच विचारलं नव्हतं.

"तिकडं तुला जेवाय काय मिळत होतं रं?"

काका बोलायला लागला. मी दार ओढून घेतलं आणि ओट्यावर येऊन बसले. निशा काहीतरी विचारत होती, मी तिला गप्प बस म्हटलं. आतून काकाचा आवाज येत होता, भाताबद्दल, नारळाच्या चटणीबद्दल, समुद्राच्या माशाबद्दल, आणि काकी मधूनच विचारत होती, मग, पुढं काय जालं?